मातेचे संरक्षण आणि बाळाच्या लसीकरणाच्या तारखा

गावात लसीकरणाचे सत्र चालू असताना एक प्रश्न हमखास विचारला जातो. शेजारच्या वस्तीत गोवराची साथ आलेली असते. पाच महिन्यांचे मूल कडेवर घेऊन आलेली माता आरोग्यसेविकेला म्हणते, "बाई, माझ्याही बाळाला गोवराची लस आजच टोचा." आरोग्यसेविका कार्डावरील जन्मतारीख पाहते आणि सांगते, "नऊ महिने पुरे झाले की घेऊन या." माता नाराज होऊन परतते. लस समोर आहे, टोचणारी व्यक्ती समोर आहे, रोग तर दाराशी येऊन ठेपला आहे. मग चार महिने थांबावयाचे कशासाठी?

हाच प्रश्न पुढे सरपंचांकडे, शाळेतील गुरुजींकडे, कधी ग्रामसभेतही येतो. "तसा नियम आहे," एवढेच उत्तर बहुधा दिले जाते. नियम आहे हे खरे. परंतु नुसत्या नियमाने कोणाचे समाधान होत नाही, आणि समाधान झाले नाही म्हणजे माता पुढच्या तारखेला येईलच याची शाश्वती राहत नाही. वस्तुतः या नियमामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चाललेले संशोधन आहे. नऊ महिन्यांची ती मुदत मातेच्या रक्तातून बाळाला मिळालेल्या एका देणगीने ठरविलेली आहे. ही देणगी कोणती, ती किती दिवस पुरते आणि लसीकरणाच्या तारखांशी तिचा काय संबंध आहे, हे गावातील जाणत्या मंडळींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

एरंड, गुंज आणि उंदीर

१८९० साली बर्लिन येथे एमिल फोन बेरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ शिबासाबुरो किटासाटो यांनी एक महत्त्वाचा शोध लावला. धनुर्वात किंवा घटसर्प यांच्या विषाला सरावलेल्या प्राण्याचे रक्तजल दुसऱ्या प्राण्याला टोचले, तर त्या दुसऱ्या प्राण्याचेही त्या विषापासून रक्षण होते, असे त्यांना दिसून आले. रक्तजलातील या संरक्षक द्रव्यांना आज आपण प्रतिपिंडे म्हणतो. बेरिंग यांना १९०१ साली वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर पाउल एर्लिख या शास्त्रज्ञाने वेगळाच प्रश्न हाती घेतला. माता-पित्यांच्या अंगी आलेली ही प्रतिकारशक्ती अपत्यांकडे जाते काय, आणि जात असल्यास ती कोणत्या मार्गाने? या प्रयोगांसाठी त्यांनी निवडलेली विषे आपल्या परिचयाच्या वनस्पतींतील आहेत. एक एरंडाच्या बियांतील रिसिन, दुसरे गुंजेच्या बियांतील ॲब्रिन. उंदरांना ही विषे अत्यल्प प्रमाणापासून सुरुवात करून हळूहळू वाढत्या मात्रेने देण्यात आली. सरावलेले उंदीर पुढे मारक मात्राही पचवू लागले. मग सरावलेल्या माद्यांचा साध्या नरांशी आणि सरावलेल्या नरांचा साध्या माद्यांशी संयोग करण्यात आला. सरावलेल्या मातेच्या पिलांना विषबाधेपासून संरक्षण लाभले. सरावलेल्या पित्याच्या पिलांना मात्र काहीही लाभ झाला नाही.

याहून उद्बोधक प्रयोग दूध पाजणाऱ्या माद्यांच्या अदलाबदलीचा होता. साध्या मातेची पिले सरावलेल्या मादीच्या अंगावर पाजली, तेव्हा त्यांनाही संरक्षण मिळाले. म्हणजेच ही शक्ती रंगरूपाप्रमाणे आनुवंशिक नव्हती. ती मातेच्या शरीरातून तयार स्वरूपात अपत्याला मिळत होती. मिळालेले हे संरक्षण काही काळाने ओसरत असे. १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांनी एक मूलभूत भेद स्पष्ट केला. स्वतःच्या शरीराने कमावलेली प्रतिकारशक्ती निराळी आणि दुसऱ्याकडून उसनी मिळालेली निराळी. एर्लिख यांना १९०८ साली एल्या मेचनिकॉफ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक देण्यात आले.

वार आणि दूध

मातेकडून बाळाकडे प्रतिपिंडे दोन वाटांनी जातात. पहिली वाट वारेची आणि दुसरी अंगावरच्या दुधाची.

मातेला लहानपणापासून झालेले रोग, घेतलेल्या लशी आणि नित्य संपर्कात आलेले जंतू यांची एक प्रकारे नोंदवहीच तिच्या रक्तात तयार झालेली असते. प्रत्येक जंतूविरुद्ध वेगळी प्रतिपिंडे असतात. प्रतिपिंडांचे पाच वर्ग आहेत. त्यांपैकी इम्युनोग्लोब्युलिन-जी हा एकच वर्ग मानवी वार ओलांडून गर्भाच्या रक्तात प्रवेश करतो. वारेतील पेशींत या वर्गाला ओळखून पलीकडे पोहोचविणारा एक विशिष्ट ग्राहक रेणू असतो. असा ग्राहक असला पाहिजे, असे अनुमान ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्रॅम्बेल यांनी १९५८ मध्ये मांडले होते. १९८९ मध्ये त्याच्या जनुकाची ओळख पटली आणि ते अनुमान खरे ठरले.

ही वाहतूक गर्भारपणाच्या साधारण तेराव्या आठवड्यापासून सुरू होते, पण तिचा मोठा भाग अखेरच्या चार आठवड्यांत होतो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात या प्रतिपिंडांचे प्रमाण मातेइतके, कित्येकदा मातेहून अधिकही असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मात्र ही शिदोरी कमी मिळते. वारेला हिवतापाचा उपद्रव झाल्यास किंवा मातेला एचआयव्हीची बाधा असल्यासही ही वाहतूक मंदावते. गरोदरपणातील तपासणी आणि उपचार यांचे महत्त्व या दृष्टीनेही ध्यानात घेतले पाहिजे.

दुसऱ्या वाटेची ओळख आपल्या शेतकऱ्यांना पूर्वापार आहे. गाई-म्हशींच्या वारेतून प्रतिपिंडे जात नाहीत. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात मातेची प्रतिपिंडे जवळजवळ नसतातच. त्याला ती व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, मिळतात. वासराचे आतडे ही प्रतिपिंडे अखंड स्थितीत शोषून घेऊ शकते ते जेमतेम पहिल्या दिवसापुरते, आणि त्यातही पहिल्या काही तासांत सर्वाधिक. म्हणून जाणता गोपालक आधी वासराला पोटभर चीक पाजतो आणि उरलेल्याचाच खरवस करतो.

मनुष्याच्या बाळाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या रक्तातील साठा वारेतून आधीच आलेला असतो. मातेच्या दुधातील प्रतिपिंडे मुख्यत्वे इम्युनोग्लोब्युलिन-ए या वर्गाची असतात. ती बाळाच्या रक्तात फारशी जात नाहीत. घसा आणि आतडे यांच्या अस्तरावर राहून जंतूंना तेथेच अडवितात. मातेच्या आतड्यात ज्या जंतूंशी सामना झालेला असतो, त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशी तिच्या स्तनांतही येऊन वसतात. त्यामुळे ज्या घरात, ज्या पाण्यावर बाळ वाढणार असते, त्याच परिसरातील जंतूंविरुद्धचे संरक्षण त्याला दुधातून मिळते. पहिल्या दोन-तीन दिवसांतील घट्ट पिवळसर दुधात या प्रतिपिंडांचे प्रमाण सर्वांत जास्त असते. हे दूध 'जड' किंवा 'खराब' समजून पिळून टाकण्याची आणि बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटविण्याची चाल अद्यापही काही घरांत आहे. वासराला चीक आवर्जून पाजणाऱ्या घरात स्वतःच्या बाळाला मात्र तो नाकारला जावा, ही विसंगती वडीलधाऱ्या मंडळींच्या नजरेस आणून देण्याजोगी आहे.

उसन्या धनाचा हिशेब

वारेतून मिळालेले धन कितीही मोठे असले तरी ते उसने आहे. बाळाचे शरीर ते नव्याने तयार करीत नाही. ही प्रतिपिंडे झिजत जातात आणि साधारणपणे तीन ते सहा आठवड्यांत त्यांचे प्रमाण निम्मे होते. हिशेबाच्या सोयीसाठी चार आठवडे धरू. बारा आठवड्यांनी मूळ साठ्याचा आठवा भाग उरेल, चोवीस आठवड्यांनी चौसष्टावा आणि छत्तीस आठवड्यांनी पाचशेबारावा.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट उघड होते. एखाद्या बाळाला दुसऱ्यापेक्षा दुप्पट प्रतिपिंडे मिळाली, तरी त्याचे संरक्षण दुप्पट काळ टिकत नाही; ते फक्त एका टप्प्याने, म्हणजे चार आठवड्यांनी वाढते. आठपट मिळाली तर बारा आठवड्यांनी वाढते. मातेच्या रक्तात ज्या रोगाविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर, त्या रोगापासून बाळ अधिक महिने सुरक्षित. ज्याविरुद्धची थोडी, त्यापासून काही आठवडेच. म्हणून गोवरापासून बाळाचे कित्येक महिने रक्षण होते, तर डांग्या खोकल्यासारखा रोग पहिल्या काही आठवड्यांतच जिवावर बेतू शकतो.

संरक्षणच लसीच्या आड येते

येथवर मातेची देणगी केवळ हितकारक दिसते. तथापि तिला दुसरी बाजूही आहे, आणि आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे.

गोवराची लस म्हणजे दुर्बल केलेला जिवंत विषाणू होय. तो बाळाच्या शरीरात थोडाफार वाढावा, शरीराने त्याची ओळख करून घ्यावी आणि स्वतःची प्रतिपिंडे बनवावीत, अशी अपेक्षा असते. परंतु मातेची प्रतिपिंडे रक्तात असतील, तर खरा विषाणू कोणता आणि लसीतील दुर्बल विषाणू कोणता, हा भेद त्यांना कळत नाही. ती लसीतील विषाणूलाही घेरतात व निकामी करतात. लस टोचली जाते, कार्डावर नोंद होते, माता निश्चिंत होते. पण बाळाचे शरीर धडा शिकतच नाही. पुढे उसने धन संपते, तेव्हा मूल उघड्यावर पडलेले असते.

धनुर्वात किंवा घटसर्प यांच्या लशींत जिवंत जंतू नसतो. त्या लशींच्या परिणामातही मातेची प्रतिपिंडे काही प्रमाणात उणेपणा आणतात. लसीतील ज्या भागांची ओळख बाळाच्या पेशींना व्हावयाची, तेच भाग मातेच्या प्रतिपिंडांनी झाकले जातात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उंदरांच्या पिलांवरील एका अभ्यासात याहून बारीक गोष्ट आढळली. मातेची प्रतिपिंडे असतानाही पिलांच्या लसीका ग्रंथींत शिकण्याची क्रिया सुरू होते. परंतु प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या परिपक्व पेशी पुरेशा तयार होत नाहीत आणि कोणत्या पेशी पुढे याव्यात, यावरही मातेच्या प्रतिपिंडांचा प्रभाव पडतो. मातेची प्रतिपिंडे अशा रीतीने अपत्याच्या पुढील प्रतिसादाला वळण लावून जातात.

हा परिणाम प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात १७ देशांतील ७,६३० अर्भकांची माहिती एकत्र तपासण्यात आली. लशींतील २१ घटकांपैकी २० घटकांच्या बाबतीत, मातेची प्रतिपिंडे जितकी अधिक तितका बाळाचा प्रतिसाद कमी, असे आढळून आले.

मग सहा आठवड्यांपासून दिल्या जाणाऱ्या लशी व्यर्थ आहेत काय? मुळीच नाही. घटसर्प, डांग्या खोकला यांसारखे रोग तान्ह्या बाळाला गाठतात, म्हणून तेथे थांबणे परवडत नाही. यास्तव एकच मात्रा न देता सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी अशा तीन मात्रा देण्यात येतात. प्रत्येक मात्रेच्या वेळी मातेचा साठा आधीपेक्षा घटलेला असतो आणि बाळाची स्वतःची तयारी वाढलेली असते. सोळा ते चोवीस महिन्यांची वर्धक मात्रा हे काम पक्के करते. म्हणून तीनपैकी एखादी मात्रा चुकली तर काय बिघडले, असे म्हणता येत नाही. बीसीजीची गोष्ट निराळी. क्षयाविरुद्धचे तिचे कार्य मुख्यतः पेशींमार्फत चालते, प्रतिपिंडांवर ते अवलंबून नसते. म्हणून ती जन्मतःच देता येते.

गोवराच्या लसीचे वय कसे ठरले

गोवराच्या लसीचा इतिहास हा या विषयाचा उत्तम वस्तुपाठ आहे. अमेरिकेत १९६३ मध्ये ही लस प्रथम वापरात आली, तेव्हा ती नवव्या महिन्यात देण्यात येत असे. लस घेतलेल्या काही मुलांना पुढे गोवर होत असल्याचे दिसून आल्यावर १९६५ मध्ये हे वय बारा महिने व १९७६ मध्ये पंधरा महिने करण्यात आले. तेथे तान्ह्या मुलांना गोवर होण्याची भीती कमी झालेली असल्याने थांबणे शक्य होते.

आफ्रिका आणि आशियातील देशांना ते शक्य नव्हते. तेथे वर्षाच्या आतील मुलेच मोठ्या संख्येने गोवराला बळी पडत. १९७० च्या दशकात केनियात झालेल्या अभ्यासांत मुलांच्या रक्तातील मातेची प्रतिपिंडे कधी संपतात आणि रोग कधी गाठतो, या दोन्ही गोष्टी ताडून पाहण्यात आल्या. फार लवकर लस दिली तर ती वाया जाते. फार उशिरा दिली तर रोग आधी पोहोचतो. या दोहोंमधला मध्य म्हणजे नववा महिना होय. भारतात १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा गोवराच्या लसीसाठी हेच वय मुक्रर करण्यात आले.

हा मध्य म्हणजे तडजोड आहे, हे विसरता कामा नये. नवव्या महिन्यात दिलेल्या मात्रेने साधारण ८५ टक्के मुलांत संरक्षण निर्माण होते. बारा महिन्यांनंतर दिल्यास ते प्रमाण ९५ टक्क्यांच्या घरात जाते. उरलेल्या मुलांसाठी दुसरी मात्रा आवश्यक ठरते. आपल्या देशात २०१० पासून ती कार्यक्रमात समाविष्ट होत गेली आणि २०१७ पासून गोवर-रुबेला अशी संयुक्त लस टप्प्याटप्प्याने लागू झाली. आज पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देण्यात येते. दुसरी मात्रा म्हणजे केवळ उजळणी होय, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात, मातेच्या प्रतिपिंडांमुळे किंवा अन्य कारणाने पहिल्या मात्रेचा उपयोग न झालेल्या मुलाला मिळणारी ती पुन्हा एक संधी आहे. कोणत्या मुलाला पहिली मात्रा लागू पडली आणि कोणाला नाही, हे वरून ओळखता येत नाही. म्हणून ती सर्वांनाच द्यावी लागते.

आडवाटेचा एक अनुभव

नऊ महिन्यांपूर्वीच मातेच्या प्रतिपिंडांवर मात करता येणार नाही काय, हा विचार शास्त्रज्ञांनीही केला होता. विषाणूंची संख्या अनेक पटींनी वाढविलेली लस सहाव्या महिन्याच्या सुमारास दिली, तर मातेची प्रतिपिंडे तिला पुरी पडणार नाहीत, अशी ही कल्पना होती. प्रतिपिंडांच्या मोजमापात तिला यशही दिसले, आणि १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अधिक प्रादुर्भावाच्या भागांसाठी या लसीची शिफारस केली.

तथापि सेनेगल, गिनी-बिसाऊ आणि हैती येथील मुलांवर पुढे दीर्घकाळ लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा धक्कादायक गोष्ट उघड झाली. ही तीव्र लस लवकर घेतलेल्या मुलींमध्ये, नेहमीची लस नवव्या महिन्यात घेतलेल्या मुलींपेक्षा, मृत्यूंचे प्रमाण अधिक होते. हे मृत्यू गोवरामुळे झालेले नव्हते. त्यांच्या कारणांविषयी संशोधकांत मतभेद राहिले. पण निर्णयाला विलंब लावण्यात आला नाही. १९९२ मध्ये ती शिफारस मागे घेण्यात आली. नेहमीच्या मात्रेची लस सुरक्षित आहे, हे या ठिकाणी स्पष्टपणे सांगितले पाहिजे. लसीची मात्रा आणि वय यांत मनाने फेरबदल करू नयेत, एवढाच या अनुभवाचा अर्थ.

शास्त्रीय आधारावर केलेला अपवाद मात्र वेगळा. २०२२ साली मुंबईत, विशेषतः गोवंडीसारख्या दाट वस्तीच्या भागात, गोवराचा उद्रेक झाला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्र शासनाने सूचना दिल्या, की ज्या भागात एकूण रुग्णांपैकी १० टक्क्यांहून अधिक रुग्ण नऊ महिन्यांखालील आहेत, तेथे सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांनाही एक मात्रा देण्यात यावी. साथ अंगणात असताना काही मुलांना तरी लाभ व्हावा, हा त्यामागील हेतू. अशी मात्रा जादा समजली जाते. ती घेतली तरी नऊ महिन्यांची आणि सोळा महिन्यांनंतरची, अशा दोन्ही नियमित मात्रा घ्याव्याच लागतात. ही गोष्ट पालकांना त्याच वेळी समजावून सांगितली नाही, तर मूल पुढे वंचित राहण्याचा धोका असतो.

मातेला लस, बाळाला संरक्षण

मातेची देणगी लसीच्या आड येते, तशी ती जाणूनबुजून वाढविताही येते. धनुर्वाताचे उदाहरण यादृष्टीने सर्वांत बोलके आहे. अस्वच्छ साधनाने नाळ कापल्यास किंवा नाळेवर माती, शेण यांसारखे पदार्थ लावल्यास नवजात बालकाला धनुर्वात होतो, आणि तो आयुष्याच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांतच प्राण घेतो. बाळाला जन्मानंतर लस देऊन उपयोग नाही. तिचा परिणाम होण्याआधीच रोग गाठतो. मग मातेलाच गरोदरपणी लस दिली तर? न्यू गिनीमध्ये झालेल्या आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, मातेला पुरेशा मात्रा दिल्यास नवजात बालकांचा धनुर्वात टळतो, हे दाखवून दिले.

आपल्या देशात गरोदर मातेला धनुर्वाताची लस देण्याचा परिपाठ त्याच तत्त्वावर उभा आहे. ही लस, दवाखान्यातील किंवा प्रशिक्षित हातांनी केलेले बाळंतपण आणि नाळेची स्वच्छ निगा यांच्या बळावर २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे प्रमाणित करण्यात आले. धनुर्वाताचे जंतू मातीत कायम राहत असल्याने ही स्थिती टिकवून ठेवण्याचे काम संपणारे नाही. आता गरोदर मातेला धनुर्वात व घटसर्प यांची संयुक्त टीडी लस चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा गर्भारपण आल्यास एकदा, देण्यात येते.

अन्य देशांनीही हाच मार्ग अनुसरला आहे. ब्रिटनमध्ये डांग्या खोकल्याने तान्ही बाळे दगावू लागली, तेव्हा ऑक्टोबर २०१२ पासून गरोदर मातांना त्या रोगाची लस देण्यास सुरुवात झाली आणि लहान अर्भकांतील हा रोग बऱ्याच अंशी टळला. अशा बाळांचा पुढे स्वतःच्या लसीला मिळणारा प्रतिसाद काहीसा कमी होतो, हेही नोंदविले गेले आहे. परंतु पहिल्या दोन महिन्यांत प्राण वाचणे हा लाभ त्याहून कितीतरी मोठा आहे.

दुधाबाबतही एक शंका घेतली जाते. तोंडावाटे द्यावयाच्या रोटाव्हायरस लसीला मातेच्या दुधातील प्रतिपिंडे अडथळा करीत असतील, तर लसीच्या वेळी काही काळ दूध पाजणे थांबवावे काय? उत्तर भारतात, पाकिस्तानात आणि दक्षिण आफ्रिकेत हे प्रत्यक्ष करून पाहण्यात आले. दूध थांबवून प्रतिसाद वाढला नाही. तेव्हा लस देण्यापूर्वी किंवा दिल्यानंतर बाळाला पाजणे थांबविण्याचे कारण नाही.

शाळेतील मुलगी, उद्याची माता

आता शेवटचा आणि दूरदृष्टीचा मुद्दा. ज्या मातांना बालपणी प्रत्यक्ष गोवर झालेला असतो, त्यांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे विपुल असतात. ज्या मातांना लशीमुळे संरक्षण मिळालेले असते, त्यांच्यात ती स्वतःच्या रक्षणापुरती असली तरी तुलनेने कमी असतात. साहजिकच त्यांच्या बाळांचा साठा लवकर संपतो. अमेरिकेत लस घेतलेली पिढी मातृत्वाच्या वयात आली, तेव्हा लसीचे वय पंधरा महिन्यांवरून पुन्हा बारा ते पंधरा महिन्यांवर आणण्यात आले.

आपल्याकडेही हे स्थित्यंतर घडत आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुला-मुलींना शाळाशाळांतून लस देण्यात आली. त्या वेळी नववी-दहावीत असलेल्या मुली आता संसाराला लागत आहेत. त्यांच्या बाळांना जन्मजात रुबेलापासून मिळणारे संरक्षण हा त्या मोहिमेचा मोठा लाभ आहे. त्याचबरोबर त्यांच्या बाळांना मातेकडून मिळालेला गोवरविरोधी साठा त्यांच्या आजीच्या काळाइतका दीर्घ पुरणार नाही. म्हणून नववा महिना पुरा होताच लस देण्याची निकड पूर्वीपेक्षा वाढली आहे. 'नवव्या महिन्यात' या शब्दांचा अर्थ 'वर्षाच्या आत केव्हातरी' असा घेतला जातो, तो सोडून दिला पाहिजे.

या कामी प्रत्येकाला आपापला वाटा उचलता येईल. ग्रामपंचायत सदस्यांनी आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविकांकडून दरमहा नऊ महिने पूर्ण करणाऱ्या बालकांची यादी घेऊन ती सत्रापूर्वी पाहावी. ऊसतोडणी, वीटभट्टी अशा कामांसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांकडे विशेष लक्ष द्यावे आणि कार्ड सोबत नेण्यास सांगावे. जन्माची नोंद अचूक असली तरच लसीची तारीख अचूक ठरते, हे ग्रामसेवकांनी ध्यानात ठेवावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या लशी, वजन कमी आहे म्हणून, परस्पर पुढे ढकलल्या जातात. त्यांच्याजवळची शिदोरी मुळातच तोकडी असल्याने डॉक्टरांना विचारल्याखेरीज असा विलंब होऊ देऊ नये. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यावयाच्या टीडी लसीच्या दिवशी एकही मुलगी गैरहजर राहणार नाही, याची काळजी शिक्षकांना घेता येईल. पाचवीच्या वर्गातील मुलीच्या दंडावर टोचली जाणारी ती सुई तिच्या स्वतःच्या संरक्षणाची तर आहेच, शिवाय तिच्या भावी अपत्याच्या शिदोरीची ती सुरुवातही आहे.

पाच महिन्यांचे मूल घेऊन आलेल्या त्या मातेला आता उत्तर देता येईल. "बाई, तुमच्या रक्तातून बाळाला मिळालेले संरक्षण अजून त्याच्या अंगात काम करीत असण्याचा संभव आहे. आज लस दिली तर ते संरक्षणच तिला निष्फळ करील. ते ओसरले की लस लागू पडेल. आणि ओसरल्यावर एक दिवसही उशीर नको. तोवर अंगावर पाजत राहा, गोवर असलेल्या घरी बाळाला नेऊ नका, ताप-पुरळ दिसल्यास लगेच केंद्रात आणा. साथ वाढली आणि जादा मात्रा देण्याचे ठरले, तर आम्ही स्वतः निरोप देऊ." हे सांगावयास दोन मिनिटे पुरतात. एवढे समजलेली माता नवव्या महिन्याची तारीख विसरत नाही.